मिठानं विझणारा उजेड

खोटा माल गळ्यात पडू नये म्हणून माणसं ज्या युक्त्या काढतात, त्यांतून विज्ञानाची बरीच प्रकरणं सुरू झाली आहेत. त्यातलंच एक १५६५ सालचं. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात निकोलास मोनार्देस नावाचा वैद्य होता. तो स्वतः कधी अमेरिकेला गेला नाही, पण तिकडून जहाजांनी येणाऱ्या औषधांवर त्यानं पुस्तक लिहिलं. त्यात मेक्सिकोच्या एका लाकडाची नोंद आहे. मूत्रपिंडाच्या दुखण्यावर हे लाकूड देत. ढलप्या पाण्यात टाकून ठेवायच्या आणि ते पाणी प्यायचं. पुढे युरोपात या लाकडाला 'लिग्नम नेफ्रिटिकम', म्हणजे मूत्रपिंडाचं लाकूड, असं नाव पडलं.

औषध महाग होतं, त्यामुळे भेसळ आलीच. मोनार्देसनं गिऱ्हाइकाला खूण सांगून ठेवली. ढलप्या टाकल्यावर पाण्यावर निळसर झाक आली तर लाकूड खरं. हल्ली पाणी पिवळं करणारं दुसरंच एक लाकूड बाजारात येतंय, ते घेऊ नका.

ही निळाई रंगाची नव्हती. अंधाऱ्या कोपऱ्यात ती दिसत नसे, उन्हात धरलं की दिसे. आज आपण तिला फ्लुओरेसन्स म्हणतो. मराठीत प्रतिदीप्ती किंवा अनुस्फुरण. एका रंगाचा प्रकाश शोषायचा आणि दुसऱ्या रंगाचा परत टाकायचा, एवढाच तो प्रकार. पाचशेची नोट निळ्या टॉर्चखाली धरून तिच्यावरचे आकडे आणि तंतू चमकतात का ते बघणारा दुकानदार नेमकं मोनार्देसचंच काम करत असतो. या गुणाचा माणसानं केलेला सगळ्यात जुना नोंदलेला उपयोग हा असा आहे: खऱ्याखोट्याची पारख.

मला या इतिहासात रस आहे तो एका वेगळ्या प्रश्नासाठी. चमकणं ही झाली पदार्थाची खूण. पण एखाद्या पदार्थाचं चमकणं दुसऱ्याच पदार्थाची बातमी कधीपासून देऊ लागलं? आज रक्तातलं सोडियम, पेशीतलं कॅल्शियम, पाण्यातलं फ्लोराइड ओळखण्यासाठी मुद्दाम घडवलेले रेणू आहेत. पाहुणा आला की दिवा लागतो, नाहीतर विझतो. त्यांना फ्लुओरेसंट सेन्सर म्हणतात. या विषयावरची पाठ्यपुस्तकं बहुधा १९८०च्या आसपास सुरू होतात. माझ्या मते गोष्ट बरीच जुनी आहे, आणि जुनी बाजू माहीत असली की आजच्या संशोधनाचं काय चुकतंय आणि काय साधतंय हे नीट दिसतं.

बॉइलचं आम्ल

मोनार्देसनंतर शंभरेक वर्षांनी ते लाकूड रॉबर्ट बॉइलच्या हाती आलं. वायूंच्या नियमामुळे शाळेत ज्याचं नाव आपण पाठ केलं तोच हा बॉइल. १६६४ साली त्यानं रंगांविषयीच्या प्रयोगांचं पुस्तक काढलं. त्यात या लाकडाच्या पाण्याचं बारकाईनं वर्णन आहे. प्रकाशाकडून पाहिलं तर निळं, प्रकाशाच्या विरुद्ध धरलं तर सोनेरी पिवळं. बॉइल एवढ्यावर थांबला नाही. त्यानं त्या पाण्यात आम्लाचे थेंब टाकले. निळाई गेली, पिवळेपणा तसाच राहिला. मग अल्कली टाकला. निळाई परत आली.

बॉइलच्या लगेच लक्षात आलं की हे उलटंही वापरता येईल. एखादा क्षार आम्लधर्मी आहे की नाही हे माहीत नसेल, तर या लाकडाच्या पाण्याला विचारा. निळाई विझली तर आम्ल. पदार्थाच्या चमकण्याकडून दुसऱ्या पदार्थाची बातमी काढून घेण्याची कल्पना इथे, १६६४ मध्येच, स्पष्टपणे मांडलेली आहे. प्रोटॉन हा शब्द जन्माला यायला अजून अडीचशे वर्षं होती.

या पाण्यात चमकतं काय, याचा उलगडा व्हायला मात्र २००९ साल उजाडावं लागलं. स्पॅनिश रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटानं दाखवून दिलं की चमकणारा रेणू लाकडात मुळी नसतोच. लाकडातलं एक संयुग किंचित अल्कधर्मी पाण्यात हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि तेव्हा तो रेणू तयार होतो. त्याचं नाव त्यांनी 'मॅटलालीन' ठेवलं, नाहुआट्ल भाषेतल्या निळ्या रंगाच्या शब्दावरून. मला हे नाव योग्य वाटतं. युरोपीय पंडितांनी या निळाईवर तीनशे वर्षं काथ्याकूट केला, पण ती पहिल्यांदा पाहिली होती ॲझ्टेक वैद्यांनी. त्यांचं ज्ञान बर्नार्दिनो दे साआगून या धर्मोपदेशकानं सोळाव्या शतकातच लिहून ठेवलं होतं.

कोयनेल

पुढचा मुख्य नट आपल्या ओळखीचा आहे: कोयनेल, म्हणजे क्विनिन. सिंकोना झाडाच्या सालीतून ते १८२० साली पेलेतिए आणि काव्हांतू या फ्रेंच जोडीनं वेगळं केलं. मलेरियावरचं औषध म्हणून त्याचा दबदबा इतका, की इंग्रजांनी निलगिरीत आणि दार्जिलिंगच्या बाजूला सिंकोनाचे मळे लावले. टपाल कचेऱ्यांतून पैशाला पुडी या दरानं कोयनेल विकायची सोयही केली.

१८४५ साली जॉन हर्शेलनं आम्लाच्या पाण्यात विरघळवलेलं क्विनिन उन्हात धरलं. पाणी बिनरंगी, पण पृष्ठभागालगत सुंदर आकाशी झळाळी. याचं कारण सात वर्षांनी केंब्रिजच्या जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्सनं शोधलं. त्यानं लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि क्विनिनच्या द्रावाची नळी एकेका रंगातून सरकवत नेली. तांबडा, पिवळा, हिरवा, काही नाही. जांभळा संपला, डोळ्याला काळोख दिसू लागला, आणि तिथे नळी उजळली. न दिसणारा अतिनील प्रकाश आत जात होता आणि दिसणारा निळा प्रकाश बाहेर येत होता. स्टोक्सनं चर्चच्या खिडकीसारखी निळी काच आणि पेलाभर पिवळी वाईन एवढ्या गाळण्या वापरूनही हाच मुद्दा दाखवला. काच फक्त उत्तेजित करणारा प्रकाश आत सोडते, वाईन तो अडवते आणि फक्त बाहेर पडलेला उजेड डोळ्यापर्यंत येऊ देते. आजच्या लाखो रुपयांच्या फ्लुओरोमीटरची मूळ रचना हीच आहे.

१८५२च्या त्या निबंधातल्या एका तळटीपेत स्टोक्सनं या प्रकाराला फ्लुओरेसन्स हे नाव सुचवलं. 'ओपल' खड्यावरून जसं 'ओपलेसन्स', तसं 'फ्लुओरस्पार' या खनिजावरून हे. फ्लुओरस्पार म्हणजे कॅल्शियम फ्लोराइड. धातू वितळवताना मळी पातळ होऊन वाहावी म्हणून ते भट्टीत टाकत, म्हणून लॅटिनमधल्या 'वाहणे' या धातूवरून त्याचं नाव. फ्लोरीन आणि फ्लुओरेसन्स असे दोन शब्द या एका दगडातून निघाले. हा मुद्दा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

स्टोक्सला आणखी एक गोष्ट दिसली होती. क्विनिन गंधकाम्लात चमकतं, पण मिठाच्या आम्लात, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लात, चमक जवळजवळ नाहीशी होते. १८६९ साली त्यानं क्विनिनच्या या वागण्यावर वेगळं टिपण छापलं. आम्लपणा दोन्हीकडे आहे, मग फरक कशाचा? आम्लासोबत येणाऱ्या ऋणायनाचा. सल्फेट निरुपद्रवी आहे, क्लोराइड उजेड विझवतं.

हे कुणालाही घरी पाहता येतं. मी पाहिलं आहे. किराणा दुकानात मिळणाऱ्या टॉनिक वॉटरमध्ये थोडं क्विनिन असतं. खोलीत अंधार करून नोटा तपासायचा टॉर्च लावला की पेला आतून दिवा ठेवल्यासारखा निळा दिसतो. त्यात पाव चमचा साखर ढवळली तर काही फरक पडत नाही. पाव चमचा मीठ ढवळलं की निळाई डोळ्यांदेखत उतरते. पेल्यातलं क्विनिन कुठे गेलेलं नसतं, त्याचं रासायनिक रूपांतरही झालेलं नसतं. प्रकाश शोषलेला क्विनिनचा रेणू साधारण वीस नॅनोसेकंद उत्तेजित अवस्थेत राहतो. सेकंदाचे शंभर कोटी भाग करून त्यातले वीस. तेवढ्या वेळात त्याच्यावर क्लोराइड येऊन आदळला, तर ऊर्जा उजेड न होता उष्णता होऊन जाते. मीठ जितकं जास्त, तितक्या धडका जास्त. याचं साधं, सरळ रेषेचं गणित ऑटो श्टेर्न आणि माक्स फोल्मर यांनी १९१९ मध्ये मांडलं. म्हणजे किती उजेड गेला हे मोजलं की किती क्लोराइड आहे ते सांगता येतं.

या गणितात एक खोट आहे. ब्रोमाइड आणि आयोडाइडही उजेड विझवतात, क्लोराइडपेक्षा जोरात. क्विनिनला 'कुणीतरी आलं' हे कळतं, 'कोण आलं' हे कळत नाही. सेन्सरच्या साऱ्या इतिहासाला ही चिंता पुरून उरली आहे.

'कोण आलं' हे सांगणारा पहिला प्रयत्न त्याच सुमाराचा आहे. १८६७ साली फ्रीडरिश गोपेल्सर्योडर या स्विस रसायनशास्त्रज्ञानं मोरिन हे पिवळं रंगद्रव्य घेतलं. एरवी ते फारसं चमकत नाही. पण ॲल्युमिनियमचा आयन त्याला मिठी मारून बसला की हिरवं चमकतं. त्यावरून ॲल्युमिनियम ओळखता येतं हे त्यानं दाखवलं. इथे पाहुणा आल्यावर दिवा विझत नाही, लागतो. अंधारात एक दिवा लागलेला कळणं आणि शंभर दिव्यांतला एक विझलेला कळणं यात जो फरक आहे, तोच या दोन पद्धतींत आहे.

युद्ध आणि यंत्र

त्यानंतर साठ-सत्तर वर्षं हा विषय प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात राहिला. तो बाहेर आला तोही मलेरियामुळेच. १९४२ मध्ये जपाननं जावा बेट घेतलं आणि जगाच्या क्विनिनचा मोठा पुरवठा दोस्तराष्ट्रांच्या हातून गेला. पॅसिफिकमधल्या अमेरिकी सैनिकांना ॲटाब्रिन हे कृत्रिम औषध द्यायचं ठरलं. पण त्यानं कातडी पिवळी पडे, मळमळे, आणि सैनिक गोळ्या टाळत. किती मात्रा पुरेशी हे कुणाला ठाऊक नव्हतं, कारण रक्तात किती औषध पोचतं हेच मोजता येत नव्हतं.

न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर रुग्णालयात बर्नार्ड ब्रोडी आणि सिडनी उडेनफ्रेंड यांनी ते मोजलं, ॲटाब्रिनच्या प्रतिदीप्तीवरून. त्यातून कळलं की औषध आधी शरीराच्या ऊतींत मुरतं, रक्तात उशिरा टिकतं. म्हणून सुरुवातीला मोठी मात्रा आणि मग रोज थोडी, असा क्रम ठरला. युद्धानंतर याच वर्तुळातल्या रॉबर्ट बोमननं कोणत्याही रंगाचा प्रकाश टाकून कोणत्याही रंगाचा उजेड मोजणारं यंत्र बनवलं. १९५०च्या दशकाच्या मध्यात ते बाजारात आलं. या यंत्रांची कसोटी घ्यायला प्रमाण म्हणून वापरला जाणारा पदार्थ कोणता? गंधकाम्लातलं क्विनिन. मिठाच्या आम्लातलं कधीच नाही, कारण स्टोक्सचं ते टिपण.

पेशीच्या आत

क्विनिनच्या सांगाड्यात दोन जोडलेल्या कड्यांचा एक तुकडा आहे. रसायनशास्त्रात त्याला मिथॉक्सिक्विनोलीन म्हणतात. चमक या तुकड्याची असते. १९८०च्या दशकात हाच तुकडा दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या कामांना लागला. या सगळ्या इतिहासातली मला सगळ्यात आवडणारी जोडी ही.

पहिलं ठिकाण इंग्लंडमधलं केंब्रिज. रॉजर चेन या अमेरिकी तरुणाला जिवंत पेशीतलं कॅल्शियम पाहायचं होतं. स्नायू आखडणं, चेतापेशींनी एकमेकींना निरोप देणं, या सगळ्यात कॅल्शियमचा हात असतो. अडचण अशी, की पेशीत मॅग्नेशियम कॅल्शियमच्या हजारो पट असतं. म्हणजे कॅल्शियमलाच धरणारी आणि मॅग्नेशियमकडे ढुंकूनही न बघणारी पकड हवी. १९८० मध्ये चेननं ती बनवली. तिला क्विनिनचा तो चमकणारा तुकडा जोडला आणि रेणूचं नाव ठेवलं क्विन-२. आता हा रेणू पेशीत घालायचा कसा? त्याच्यावर इतके ऋण भार, की पेशीचं पटल त्याला आत घेणार नाही. चेननं ते भार रासायनिक टोप्यांखाली झाकले. झाकलेला रेणू पटलातून सहज आत गेला. आत पेशीच्याच विकरांनी टोप्या कापल्या, आणि आता रेणूला बाहेर पडता येईना. पेशीला सुईनं टोचावंसुद्धा लागलं नाही. १९८५ मध्ये त्याच्या गटानं याहून कितीतरी चांगला फ्युरा-२ काढला. जगभरच्या शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळांत तो पोचला. चेनला पुढे २००८ साली नोबेल मिळालं ते जेलीफिशमधल्या हिरव्या प्रथिनावरच्या कामासाठी, पण त्याआधीच त्यानं जीवशास्त्राला पेशीच्या आतला उजेड वाचायला शिकवलं होतं.

दुसरं ठिकाण सॅन फ्रान्सिस्को, साल १९८७. निकोलस इल्सली आणि ॲलन व्हर्कमन यांना क्लोराइड मोजायचं होतं. त्यांनी क्विनिनचा तोच तुकडा घेतला, त्याच्या नायट्रोजनवर एक शेपूट लावून कायमचा धन भार बसवला, म्हणजे आम्लाची गरज उरली नाही. या रेणूला एसपीक्यू म्हणतात. क्लोराइड आलं की उजेड कमी. टॉनिक वॉटरच्या पेल्यातली तीच गोष्ट, पण आता जिवंत पेशीत. स्टोक्सची ती खोट, ब्रोमाइड-आयोडाइडही विझवतात ही, इथे अडली नाही. पेशीत ती नगण्य असतात.

आणि वेळ अचूक साधली गेली. १९८९ मध्ये सिस्टिक फायब्रोसिस या आजाराचं जनुक सापडलं. या आजारात पेशींतून क्लोराइडची ये-जा बिघडते. मुलांचा घाम जास्त खारट असतो, फुप्फुसांत चिकट कफ साचतो. युरोपात फार जुनी समजूत होती, की ज्या बाळाच्या कपाळाचा मुका खारट लागतो ते बाळ जगत नाही. जनुक सापडल्यावर प्रश्न उरला: रोगी पेशीत चांगलं जनुक घातलं तर क्लोराइडची वाट मोकळी होते का? ते पाहण्याच्या साधनांत एसपीक्यू होता. तबकडीतल्या पेशींचा उजेड पाहून क्लोराइड बाहेर जातंय की अडकलंय हे सांगता येत होतं.

कोलंबो ते बेलफास्ट

चेनचे किंवा व्हर्कमनचे रेणू कामापुरते घडवलेले होते. कुठल्याही पाहुण्यासाठी सेन्सर घडवायचा नियम काय, याचं उत्तर देणाऱ्यांत एक नाव श्रीलंकेचं आहे. ए. प्रसन्न डी सिल्वा कोलंबो विद्यापीठात शिकले, बेलफास्टला डॉक्टरेट केली, कोलंबोत परत येऊन शिकवलं आणि १९८६ मध्ये पुन्हा बेलफास्टला गेले. त्यांचा नियम एका ओळीत सांगता येतो. चमकणारा भाग, मधे छोटासा पूल, आणि पुढे पकड. पकडीत नायट्रोजन असतो, त्याच्याकडे इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. चमकणारा भाग उत्तेजित झाला की त्या जोडीतला एक इलेक्ट्रॉन पूल ओलांडून येतो आणि उजेड पडायच्या आत ऊर्जा संपते. पण पकडीत पाहुणा येऊन बसला की तो ती जोडी अडकवून ठेवतो. इलेक्ट्रॉन येत नाही, दिवा लागतो.

पकड बदला, पाहुणा बदलेल. बाकी रचना तीच. सोडियमसाठी पकड तयार होतीच: चार्ल्स पेडरसननं १९६७ मध्ये जाहीर केलेले मुकुटासारखे कडीचे रेणू. १९९३ मध्ये डी सिल्वांनी एकाच रेणूत दोन पकडी बसवल्या, एक प्रोटॉनसाठी आणि एक सोडियमसाठी. दोन्ही पाहुणे आले तरच उजेड. संगणकातलं 'आणि' हे द्वार एका रेणूत उतरलं, आणि त्याची बातमी सगळीकडे झाली. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती कमी गाजलेली गोष्ट. याच नियमावर घडवलेले सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमचे सेन्सर रुग्णालयांतल्या छोट्या रक्ततपासणी यंत्रात गेले. रक्ताचे थेंब, एक छोटी कॅसेट, आणि थोड्या वेळात आकडे.

ऋणायनांचं प्रकरण जास्त अवघड होतं. १९८९ मध्ये ओहायोतल्या अँथनी झारनिकच्या गटानं पाण्यात फॉस्फेट ओळखून उजळणारा रेणू जाहीर केला. चार नायट्रोजनांपैकी तीन फॉस्फेटला धरतात आणि फॉस्फेटचाच हायड्रोजन चौथ्या नायट्रोजनाची मोकळी जोडी गुंतवतो. दिवा पाहुण्यानंच लावला म्हणायचा. १९९०च्या दशकात टोनी जेम्स आणि सेइजी शिन्काई यांनी बोरॉनची पकड वापरून ग्लुकोजसाठी सेन्सर केले. मधुमेह्याच्या दंडात कातडीखाली बसवायचा, बोरॉनच्याच पकडीनं ग्लुकोज ओळखणारा चमकता सेन्सर २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाला.

दगडाकडे परत

आता त्या फ्लुओरस्पारकडे येतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या क्षेत्रात सगळ्यात जास्त ज्यांच्यावर लिहिलं गेलं, त्या ऋणायनांत फ्लोराइड आहे. निबंधांची सुरुवात बहुधा सारखी असते: फ्लोराइड दातांना हितकर, जास्त झालं तर हाडांना घातक, म्हणून ते ओळखणं महत्त्वाचं. रसायनशास्त्राचा विद्यार्थी असताना असे निबंध मी ढिगानं वाचले. भारतातूनही ते भरपूर येतात, आणि यायलाच हवेत, कारण हे दुखणं आपलं आहे. मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागात हाडांचा फ्लोरोसिस शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये नोंदला. पाठ वाकत नाही, मान वळत नाही, अशी माणसं. नलगोंडा हे तर या रोगाशी कायमचं जोडलं गेलेलं नाव. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांतही बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरला १ मिलिग्रॅमचं, पर्यायच नसेल तर १.५.

पण निबंधाच्या पहिल्या परिच्छेदातलं गाव आणि पुढची प्रयोगपद्धत यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. प्रयोग असतो ॲसिटोनायट्रिल किंवा डीएमएसओ या सेंद्रिय द्रावकात. फ्लोराइड घेतलेलं असतं टेट्राब्युटिलअमोनियमचं, जे त्या द्रावकात मोकळं आणि भुकेलं असतं. विहिरीतलं फ्लोराइड तसं नसतं. आकारानं ते पोटॅशियमच्या आयनाएवढंच, पण पाण्याच्या रेणूंना कितीतरी घट्ट धरून बसतं. सेन्सरच्या नाजूक पकडीसाठी ते पाण्याची साथ सोडत नाही. शिवाय कोरड्या द्रावकात फ्लोराइड जबर अल्कली असतं. इटलीतल्या पाव्हिया इथल्या लुईजी फाब्रिझ्झींच्या गटानं २००४ मध्ये दाखवलं, की फ्लोराइड भरपूर झालं की ते पकडीत बसण्याऐवजी पकडीचा प्रोटॉनच हिसकावून नेतं. रंग बदलतो, उजेड बदलतो, पण त्याचा अर्थ 'अल्कली आला' एवढाच. ही बातमी बॉइलच्या लाकडानं १६६४ मध्येच दिली होती.

पाण्यातलं फ्लोराइड मोजायची चांगली सोय १९६६ पासून आहे. फ्रँट आणि रॉस यांनी लँथनम फ्लोराइडच्या स्फटिकाचा इलेक्ट्रोड बनवला, तो थेट पाण्यात बुडवता येतो. गावपातळीवर रंग बदलणारे साधे कीट आहेत. जलजीवन मिशनखाली गावोगावच्या बायकांना पाणीतपासणीच्या कीटचं प्रशिक्षण दिलं गेलं. आणि फ्लोराइड काढून टाकण्यासाठी तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडरची 'नलगोंडा पद्धत' बसवली ती नागपूरच्या 'नीरी'नं. यात उजेड कुठेच नाही, पण पाणी आहे.

यावरून फ्लोराइडचे सेन्सर निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. कोरड्या द्रावकातल्या कामातून रेणूंच्या पकडीबद्दल खूप काही कळलं. टिमथी स्वॅगरच्या गटानं २००३ मध्ये फ्लोराइडला सिलिकॉनबद्दल असलेल्या ओढीचा उपयोग करून, एका फ्लोराइडनं अनेक दिवे बदलावेत असा बहुवारिक केला, ते काम आजही वाचण्यासारखं आहे. तक्रार आहे ती पहिल्या परिच्छेदातल्या गावाबद्दल. ज्याच्या वाकलेल्या पाठीच्या नावानं निबंध सुरू होतो, त्याच्या हंड्यातलं पाणी प्रयोगात एकदा तरी यावं.

मागे वळून पाहिलं तर टिकलेल्या प्रत्येक सेन्सरची सुरुवात हंड्याकडूनच झालेली दिसते. मोनार्देससमोर फसलेलं गिऱ्हाईक होतं. ब्रोडीसमोर रक्त होतं, तेही गोळ्या टाळणाऱ्या सैनिकाचं. चेनला मॅग्नेशियमनं भरलेली पेशी टाळता येत नव्हती, म्हणून त्याची पकड इतकी काटेकोर झाली. व्हर्कमननं क्विनिनची जुनी खोट पेशीपुरती खोट उरत नाही हे ओळखलं. रक्ततपासणीच्या यंत्रात बसणारा रेणू रक्तातच चालावा लागला. नमुना किती गढूळ आहे याची लाज कुणी बाळगली नाही, उलट त्या गढूळपणानंच रेणू कसा हवा ते ठरवलं.

स्टोक्सनं १८५२ मध्ये ज्या दगडावरून फ्लुओरेसन्स हे नाव घेतलं, त्याच दगडातलं फ्लोराइड भूजलात विरघळून आपल्याकडच्या गावांना छळतं. फ्लुओरेसन्सनं मिठाला, आम्लाला, कॅल्शियमला, साखरेला बोलतं केलं. ज्याच्याकडून स्वतःचं नाव घेतलं, त्याला विहिरीच्या पाण्यात खात्रीनं ओळखणारा स्वस्त दिवा मात्र अजून गावच्या कीटमध्ये आलेला नाही. तो कुणी बनवला, तर त्याच्या निबंधात मी सगळ्यात आधी पाहीन ते प्रयोग कुठल्या गावच्या पाण्यात केला आहे ते.